जेल अपील हाती घेणाऱ्या वकील सहकाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय सहकारी मित्रमैत्रिणींनो,

विधी सेवा समितीच्या पॅनेलवर आपलं नाव असतं, म्हणून कधीतरी एक नेमणूकपत्र येतं. सोबत सत्र न्यायालयाच्या निकालाची नक्कल असते आणि तुरुंगामार्फत आलेला बंद्याचा एका पानाचा अर्ज असतो. कायदा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा १९८५चा कायदा. आरोप विक्रीसाठी माल बाळगल्याचा किंवा वाहून नेल्याचा. शिक्षा दहा वर्षं सक्तमजुरी, एक लाख दंड, आणि दंड न भरल्यास वर आणखी काही महिने किंवा एक वर्ष. तुमच्यापैकी बहुतेकांच्या कपाटात अशी एखादी तरी फाइल आत्ता असेल. त्या फाइलीबद्दल मला बोलायचं आहे. सुरुवात माझ्या चुकीपासून करते, कारण ती झाकून ठेवून हे पत्र लिहिण्याचा मला अधिकार नाही.

पॅनेलवर आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका टेम्पोचालकाचं अपील माझ्याकडे आलं. रिकाम्या प्लास्टिक क्रेटच्या खाली गांजाच्या दोन गोण्या सापडल्या होत्या. वजन वीस किलोच्या बरंच वर, म्हणजे ‘कमर्शियल’, सगळ्यात कडक शिक्षेचं व्यावसायिक प्रमाण. त्याचं म्हणणं होतं की माल आपला नव्हता, आपण भाडं मारत होतो. मी मुदतीत अपील दाखल केलं, ते दाखल करूनही घेतलं गेलं. शिक्षेला स्थगिती मागितली, ती कलम ३७ वर, म्हणजे या कायद्यातल्या जामिनाच्या कडक अटींवर, नाकारली गेली. मग मी गठ्ठा बांधला आणि अपिलाची पाळी येण्याची वाट बघत बसले.

मध्ये त्याचं एक आंतरदेशीय पत्र आलं होतं. बरंचसं घरचं होतं: बायको माहेरी गेली, टेम्पोचे हप्ते थकले, मुलाच्या शाळेचं काय होणार. त्यातच एक वाक्य होतं: ‘मॅडम मी कोठडीत होतो तेव्हा त्या गोण्या साहेबांच्या केबिनमध्ये टेबलाजवळ आठ दिवस पडून होत्या, मी रोज बघत होतो.’ मी ते वाचलं आणि फाइलीत लावून टाकलं. प्रत्येक आरोपी असं काहीतरी सांगतोच, असं माझ्या मनात आलं होतं. हे मला नीट आठवतं.

अपील अंतिम सुनावणीच्या बोर्डावर लागलं तोवर तो दहा वर्षं आणि दंडापोटीचं एक वर्ष पुरं भोगून बाहेर पडला होता. पेपरबुकातलं, म्हणजे अपिलासाठी टंकून बांधलेल्या रेकॉर्डच्या प्रतीतलं, एक पान पुसट होतं म्हणून मी मूळ रेकॉर्ड बघायला गेले. मुद्देमाल रजिस्टरच्या उताऱ्याची निशाणी, म्हणजे पुराव्यातला क्रमांक दिलेला कागद, उघडली. पेपरबुकातल्या टंकलिखित प्रतीत माल जमा झाल्याची तारीख होती ११, म्हणजे छाप्याचाच दिवस. मुद्देमाल कारकुनानेही सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, ‘त्याच दिवशी जमा केला’ असंच सांगितलं होतं, आणि उलटतपासात त्याला त्यावर एकही प्रश्न विचारला गेला नव्हता. मूळ कागदावर मात्र तारीख ११ नव्हती, १९ होती. हाताने घाईत लिहिलेला ९ हा १ सारखा दिसतो, टंकलेखकाची चूक मी समजू शकते. पण त्याच पानावर आधीच्या दोन नोंदी होत्या, एक १६ तारखेची, दुसरी १८ची. तिसरी नोंद आमची. शेवटच्या रकान्यात ठाणे अंमलदारांची सही आणि सहीखाली पुन्हा १९, तिथला नऊ असा ठसठशीत की शंकेला जागाच नाही. नमुने प्रयोगशाळेकडे रवाना झाले २० तारखेला.

११ ते १९ माल कुठे होता, हे सरकार पक्षाच्या एकाही साक्षीदाराने सांगितलं नव्हतं. कलम ५५ सांगतं की जप्त माल ठाणे प्रभारी अधिकाऱ्याने ताब्यात घेऊन सुरक्षित ठेवायचा, त्यावर स्वतःचं सील लावायचं. आठ दिवस त्या गोण्यांना कुणाचा हात लागला, सील कुणाच्या खिशात होतं, लॅबमध्ये तपासलेला नमुना त्याच गोणीतला होता का, याला रेकॉर्डवर काही उत्तर नव्हतं. सुनावणी वीस मिनिटांत आटोपली. संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता.

मी त्याला फोन केला. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘मॅडम, मग टेम्पो परत मिळेल का?’ टेम्पो फायनान्सवाल्यांनी सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्टाला हमी लिहून देऊन, सोडवून कधीच विकून टाकला होता.

त्याने मला पहिल्याच वर्षी उत्तर लिहून पाठवलं होतं. तो त्या ठाण्यात आठ दिवस होता, मी नव्हते. मी एकदा तुरुंगात जाऊन त्याच्यासमोर बसले असते, तर गोण्यांचा विषय निघाला असता, मी तेव्हाच मूळ रेकॉर्ड उघडलं असतं, आणि स्थगितीचा दुसरा अर्ज त्या एका निशाणीवर उभा राहिला असता. मी गेले नाही.

म्हणून माझं तुमच्याकडे पहिलं आणि खरं तर एकच मागणं आहे: अपिलाचा मसुदा करण्याआधी बंद्याला भेटा. मुलाखतीला जा. तुरुंग फारच दूर असेल तर व्हिडिओवर भेटा, पण भेटा. २३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुहास चकमा प्रकरणात बंद्यांपर्यंत मोफत विधी सेवा प्रत्यक्ष पोहोचावी म्हणून सविस्तर निर्देश दिले आहेत. ते निर्देश प्राधिकरणांना आहेत, पण शेवटी तुरुंगाच्या मुलाखत खोलीत बसणारा माणूस आपल्यापैकीच एक असणार आहे.

आणि भेटल्यावर ‘काय झालं ते सांग’ एवढंच विचारू नका. असं विचारलं की तो ‘मला अडकवलं’ म्हणतो आणि गप्प होतो. तपशील विचारा. वजन कुठे झालं, रस्त्यावर की ठाण्यात? काटा कुठून आणला? गोणीसकट वजन केलं की माल ओतून? पुडी तुझ्यासमोर बांधली का, लाख कशावर वितळवली? पंच कधी आले, आधीपासून होते की नंतर? सह्या कुठे घेतल्या, कोऱ्या कागदावर की लिहिलेल्या? कोठडीत कोणत्या बाजूला होतास, तिथून काय दिसायचं? माल मॅजिस्ट्रेटसमोर नेला तेव्हा तू होतास का? यातली निम्मी उत्तरं निरुपयोगी निघतील. उरलेल्यांतलं एखादं तुम्हाला नेमक्या निशाणीपर्यंत नेईल. बंद्याने सांगितलं ते युक्तिवादात जसंच्या तसं चालत नाही, हे मलाही कळतं, अपिलात पुरावा तोच असतो जो खालच्या कोर्टात आला. पण हजार पानांच्या रेकॉर्डमध्ये कुठे शोधायचं, हे तोच सांगू शकतो.

परराज्यातल्या चालकांच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. पंचनामा मराठीत असतो, खाली ‘मला वाचून दाखवला, समजला’ असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली सही भलत्याच लिपीत. अशा वेळी मुलाखतीला त्याची भाषा येणारं कुणीतरी सोबत घेऊन जा.

मुदतीबद्दल थोडक्यात: सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपिलाला साठ दिवस, नकलेसाठी लागलेले दिवस त्यातून वजा. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज करा आणि कारण खरं लिहा. तुरुंगात कागद अडकून पडतात, हे न्यायालयांना माहीत आहे. १९७८च्या हॉसकॉट प्रकरणात हेच घडलं होतं. खटला महाराष्ट्रातलाच. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत तुरुंग अधीक्षकांकडे पोहोचली होती, पण बंद्याला ती मिळाल्याची सही रेकॉर्डवर नव्हती, आणि तो सर्वोच्च न्यायालयात आला चार वर्षांहून अधिक उशिराने. त्याची याचिका फेटाळली गेली. तरी त्याच निकालात न्या. कृष्णा अय्यर यांनी नियम घालून दिला: शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत वेळेत आणि फुकट मिळाली पाहिजे, प्रत तुरुंगामार्फत दिली तर त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तो सरकारी खर्चाने दिला पाहिजे. आज आपल्याला नेमणूकपत्र मिळतं त्याच्या मुळाशी हा निकाल आहे.

आता अपिलाच्या मुद्द्यांबद्दल, म्हणजे ‘ग्राउंड्स’बद्दल. इथे माझा जरा संताप होतो, तो माफ करा. एका अपिलातले मुद्दे दुसऱ्यात चिकटवलेले मी इतके बघितले आहेत की पहिलं वाक्य वाचून पुढची बारा मला म्हणून दाखवता येतात. ‘कलम ५० चं पालन झालं नाही’ हे त्यातलं ठरलेलं. कलम ५० अंगझडतीचं आहे. राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेट यांच्यासमोर झडती घेतली जावी, हा तुझा अधिकार आहे, असं सांगणं बंधनकारक आहे, हे १९९९ला बलदेव सिंग प्रकरणात घटनापीठाने ठरवलं आणि २०१०ला विजयसिंह जडेजा प्रकरणात आणखी घट्ट केलं. पण माल टेम्पोतल्या गोणीत किंवा हातातल्या पिशवीत सापडला असेल तर हे कलम लागत नाही, हे २००५पासून स्पष्ट आहे. तरी गोणीच्या प्रकरणात पहिला मुद्दा कलम ५०चा असतो. न्यायमूर्ती तो वाचतात तेव्हा त्यांना एवढंच कळतं की वकिलाने निकाल वाचलेला नाही. मग सातव्या क्रमांकावरचा खरा मुद्दाही त्याच नजरेने वाचला जातो.

तसंच तपासी अंमलदाराचं. फिर्यादी आणि तपास करणारा एकच असला की आरोपी सुटतो, हे २०१८च्या मोहनलाल निकालाने सांगितलं होतं. ऑगस्ट २०२०मध्ये मुकेश सिंग प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी ते रद्द केलं. आजही तो मुद्दा अपिलांत सापडतो.

त्यापेक्षा वजन बघा. गांजासाठी वीस किलो ही रेष आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत ‘त्याहून जास्त’ असं आहे, म्हणजे बरोबर वीस किलो व्यावसायिक प्रमाणात येत नाही. रेषेच्या अलीकडे शिक्षा दहा वर्षांपर्यंत, किमान काहीच नाही. पलीकडे किमान दहा, कमाल वीस, दंड किमान एक लाख. शिवाय गांजाची व्याख्या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे अशी आहे, शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. पंचनाम्यात ‘पाने, फुले, काड्या, बिया असलेला हिरवट ओलसर पदार्थ’ असं लिहिलेलं असतं, वजन गोणीसकट केलेलं असतं आणि आकडा असतो एकवीस किलो काहीशे ग्रॅम. रिकाम्या गोण्यांचं वजन कुणी केलं का? काड्या वेगळ्या केल्या का? ओला माल वाळल्यावर यादी करताना किती भरला? हे प्रश्न खालच्या कोर्टात विचारलेले नसतील, पण आकडे रेकॉर्डवर असतात, पंचनाम्यात एक, यादीत दुसरा, सीए रिपोर्टमध्ये, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालात, तिसरा. ते तिन्ही एका कागदावर शेजारी शेजारी लिहून काढा. दोषसिद्धी टिकली तरी रेषा ओलांडली जाते की नाही यावर त्या माणसाच्या आयुष्यातली कित्येक वर्षं ठरतात. पावडरीच्या प्रकरणांत मात्र हा मार्ग अरुंद झाला आहे. २०२०च्या हिरा सिंग निकालानंतर भेसळीसकट सगळं वजन धरलं जातं, आणि एमडीची, म्हणजे मेफेड्रोनची, रेष आहे अवघी पन्नास ग्रॅम.

कलम ५२-अ बद्दल प्रामाणिक राहा. नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले पाहिजेत, हे २०१६ला सांगितलं गेलं. २०२३ला सिमरनजित सिंग प्रकरणात जागेवरच नमुने काढल्यामुळे शिक्षा रद्द झाली. पण जानेवारी २०२५च्या भारत आंबाळे निकालात न्यायालय म्हणालं की केवळ या कलमाचं पालन झालं नाही म्हणून खटला आपोआप कोसळत नाही, बाकीचा पुरावा काय सांगतो ते बघावं लागेल. हा निकाल लपवून युक्तिवाद करू नका. उलट त्याला धरूनच सांगा की बाकीचा पुरावाही का डळमळीत आहे. माझ्या टेम्पोवाल्याच्या खटल्यात डळमळीत काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आणखी एक. केंद्रीय यंत्रणांनी केलेल्या जुन्या केसेसमध्ये सगळी मदार कलम ६७ खालच्या जबाबावर असायची. अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली, बाकी फारसं काही नाही. २९ ऑक्टोबर २०२०ला तोफान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवलं की हा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. त्याआधी शिक्षा झालेल्यांची जी अपिलं अजून पडून आहेत, ती काढा आणि त्यातून तो जबाब वगळून निकाल पुन्हा वाचा. काय उरतं ते बघा. आणि कलम ३५ व ५४ खालची, आरोपीविरुद्ध धरून चालायची गृहीतकं सरकारी वकील वाचून दाखवतील तेव्हा २००८चा नूर आगा निकाल हाताशी ठेवा. आधी सरकार पक्षाने पायाभूत गोष्टी शाबीत करायच्या, मगच ओझं आरोपीकडे सरकतं.

आरोपीचा जबाब वाचायला विसरू नका. कोर्टाने चाळीस-पन्नास प्रश्न विचारलेले असतात आणि उत्तरं ‘खोटं आहे’, ‘माहीत नाही’. पण शेवटी ‘आणखी काही सांगायचं आहे का’ याला त्याने एखादं वाक्य दिलेलं असतं. माझ्या पक्षकाराचं होतं: ‘मी भाड्याचे पैसे घेतले, गोण्या कुणी ठेवल्या मला माहीत नाही.’ निकालात या वाक्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

स्थगितीचं काय, असं तुम्ही विचाराल. या कायद्यातलं कलम ३२-अ सगळ्यात कठोर आहे. चांगल्या वागणुकीची सूट इतर बंद्यांना मिळते, एनडीपीएसच्या बंद्याला नाही. त्याची दहा वर्षं म्हणजे कॅलेंडरची दहा वर्षं. याच कलमाने अपिलात शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकारही काढून घेतला होता. २०००ला दादू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेवढा भाग घटनाबाह्य ठरवला, आणि तो खटलाही महाराष्ट्र सरकारविरुद्धचाच होता. म्हणजे दार उघडं आहे, कलम ३७च्या अटींसह. त्या अटी शिक्षेनंतर पार करणं अवघड जातं, म्हणून बहुतेकजण एकदा अर्ज करतात, तो फेटाळला की थांबतात. मीही थांबले. थांबू नका. १९७७ला कश्मिरा सिंग प्रकरणात न्यायालयानेच म्हटलं होतं की अपील वाजवी काळात ऐकता येणार नसेल, तर माणसाला तोवर आत ठेवणं न्यायाला धरून नाही. ते प्रकरण खुनाचं होतं. २०२३च्या मोहम्मद मुस्लिम प्रकरणात, तो कच्चा कैदी असला तरी, कलम ३७ समोर असतानाही लांबलेला तुरुंगवास मोजला गेला. निम्मी शिक्षा झाली की पुन्हा अर्ज करा. रेकॉर्डमध्ये नवं काही सापडलं की पुन्हा करा. तेही नाही झालं तर लवकर सुनावणीसाठी प्रेसिपी, म्हणजे न्यायालयाला लेखी विनंती, द्या, आणि त्यात ठळक लिहा की या बंद्याला सूट लागू नाही आणि त्याची शिक्षा अमुक तारखेला संपते. ही तारीख फाइलीच्या कव्हरवरच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

‘बोर्डावर आलं आणि मी हजर नसलो तर अपील जाईल’ ही भीती नको, पण तिचा आधारही नको. १९९६च्या बानी सिंग निकालानुसार वकील गैरहजर म्हणून अपील फेटाळता येत नाही, न्यायालयाला रेकॉर्ड बघून गुणदोषांवर निर्णय द्यावा लागतो. पण त्या दिवशी रजिस्टरमधला नऊ त्यांना कोण दाखवणार?

कुणी म्हणेल, नशेचा माल विकणाऱ्यांसाठी इतकं कशाला. व्यसनाने बुडालेली घरं मी जवळून बघितली आहेत. माझ्या नात्यातला एक मुलगा त्यातून परत आला नाही. ज्याने त्याला ते विकलं त्याला शिक्षा व्हावी असं मला आजही मनापासून वाटतं. पण शिक्षा झालेला तोच आहे का, हे तपासायचं काम अपिलात आपल्यावर सोपवलेलं आहे. आणि माझ्या कपाटातल्या फाइलींत माल पिकवणारा किंवा पैसे लावणारा मला अजून भेटलेला नाही. चालक, क्लीनर, पिशवी पोहोचवायला दिलेली बाई, खोली भाड्याने दिलेला म्हातारा, हेच भेटलेत.

या आठवड्यात एक दुपार काढा. तुमच्याकडचं सर्वांत जुनं एनडीपीएस जेल अपील कपाटातून काढा. त्यात बंद्याचं पत्र असेल तर आधी ते वाचा, घरच्या गोष्टींसकट, पूर्ण. मग मुलाखतीची वेळ मागा आणि मूळ रेकॉर्ड पाहण्याचा अर्ज द्या. पेपरबुक मूळ कागदांशी जुळवणं कंटाळवाणं असतं. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बोट ठेवून तपासायचं, असं केलं तर लवकर होतं. कुणाला सोबत हवी असेल तर कोर्ट सुटल्यावर सहापर्यंत मी बार रूममध्ये खिडकीजवळच्या टेबलावर असते.

आपली,
पॅनेलवरची एक वकील